माणूस नसलेल्या घराची गोष्ट

घर माणसांनी भरलेले असावे, ही दिवाळीतली आपली साधी अपेक्षा. पहाटे कुणीतरी हाका मारून उठवावे, फराळाच्या ताटांभोवती सारी जमावीत, सांजेला दिवे लागावेत. पण उठवणारा आवाज आहे, न्याहारी तयार आहे, दिवे लागले आहेत आणि उठणारे, खाणारे मात्र कुणीच नाही, असे घर कल्पून पाहा!

असे घर अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी १९५० साली एका विज्ञानकथेत उभे केले. ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ हे तिचे नाव सेरा टीसडेल या कवयित्रीच्या १९१८ सालच्या कवितेवरून घेतलेले आहे. कथेचा काळ ध्यानात घ्यायला हवा. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियानेही अणुस्फोट करून दाखवला होता. अमेरिकेत घरोघर नवी यंत्रे येत होती आणि त्याच घरांत विनाशाची धास्तीही शिरली होती. ब्रॅडबरींनी ही दोन्ही एका छपराखाली आणली.

कथेत लढाईचे वर्णन नाही, उपदेश नाही, जिवंत माणूस तर एकही नाही. आम्ही शाळेत ‘चेतनगुणोक्ती’ शिकवतो: निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते. मुलांना हा अलंकार नुसता शोभेचा वाटतो. इथे साऱ्या कथेचा भार त्याच्यावर आहे. घड्याळ हाका मारते, चूल आठ अंडी शिजवते, यांत्रिक उंदीर केर काढतात. घर जितके माणसासारखे वागते, तितकी माणसांची उणीव अधिक टोचते. कुणी न शिवलेली न्याहारी मोरीत वाहून जाते.

मग लेखक आपल्याला बाहेर, पश्चिमेच्या भिंतीपाशी नेतो. भिंत काळीठिक्कर पडली आहे; फक्त पाच ठिकाणी मूळचा रंग उरला आहे. गवत कापणारा पुरुष, फुले खुडायला वाकलेली बाई, चेंडू फेकणारा मुलगा, वर गेलेला चेंडू आणि तो झेलायला हात उंचावलेली मुलगी. चेंडू खाली येतच नाही. ही केवळ कल्पना म्हणावी, तर हिरोशिमाच्या एका बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची अशीच छाया उमटली होती; ती पायरी आज तिथल्या संग्रहालयात आहे.

सांजेला घर त्या बाईच्या आवडीची कविता वाचून दाखवते. माणूस नाहीसा झाला तरी वसंताला त्याची खबरही लागणार नाही, असा तिचा आशय. ऐकणारी बाई भिंतीवरची छाया झालेली! रात्री वाऱ्याने झाडाची फांदी कोसळते, स्वयंपाकघरात आग लागते. घर आकांत करते, पाणी फवारते. पण साठा संपतो.

सकाळी एकच भिंत उभी असते. तिच्यातला आवाज पुन्हा पुन्हा तारीख सांगत राहतो: पाच ऑगस्ट २०२६. हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्या क्षणी अमेरिकेतही पाच ऑगस्टच होती.

परीक्षेत आम्ही मुलांना अलंकार ओळखायला सांगतो आणि तिथेच थांबतो. तो अलंकार कुणासाठी रडतो आहे, हेही विचारायला हवे.