एफव्ही-१
गिटारच्या पेडलमध्ये आणि छोट्या मिक्सरमध्ये घुमारा, प्रतिध्वनी, कोरस असे परिणाम घडवणारी ध्वनिसंस्कारक चिप. निर्माती कंपनी स्पिन सेमीकंडक्टर; रचनाकार कीथ बार, हे अलेसिस कंपनीचेही संस्थापक.

२८ पायांच्या या चिपमध्ये २४ बिटांचे स्टीरिओ एडीसी व डीएसी (आवाजाचे आकडे करणारा आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग), संस्कारक आणि विलंबासाठीची मेमरी असे सारे एकत्र आहे. तिला बहुधा क्वार्ट्झ मनगटी घड्याळातलाच ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक जोडतात. दर सेकंदाला आवाजाचे तितकेच नमुने घेतले जातात. मेमरीतली घरेही ३२,७६८, म्हणून कमाल विलंब एक सेकंदाचा. साठवलेला आवाज जागचा हलत नाही. प्रत्येक नमुन्यागणिक पत्ता मोजणारा गणक एक घर सरकतो आणि जुने नमुने आपोआप मागे पडत जातात. युक्ती साधीच, पण सगळा घुमारा तिच्यावर उभा आहे.

एका नमुन्यामागे १२८ आज्ञा, त्याही सुमारे ३० मायक्रोसेकंदांत. आठ प्रोग्रॅम चिपमध्येच असतात, आणखी आठ बाहेरच्या ईईप्रॉम या मेमरी चिपमधून घेता येतात. स्फटिकाची गती कमी ठेवली तर विलंब लांबतो, मात्र वरचे स्वर बोथट होतात.