महाडचा तह, जो मी कधी शिकवलाच नाही

आमच्या महाडचं नाव इतिहासात निघालं की चवदार तळं आणि रायगड. पण आणखी एक गोष्ट आहे, जी इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मी वर्गात कधी सांगितली नाही.

मार्च १७९५. खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निजाम इंग्रजांचा मित्र, तरी गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर गप्प बसला. मराठ्यांशी युद्ध त्याला नको होतं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या राजकारणात कोंडी झालेले नाना फडणीस महाडला येऊन राहिले, आणि ऑक्टोबर १७९६ मध्ये त्यांनी निजामाशी तह केला. खर्ड्याला मिळवलेलं परत द्यायचं, बदल्यात त्याची मदत घ्यायची. नानांचा यात स्वार्थ होता, हे खरं. पण इंग्रज मध्ये नसताना दोन शेजारी आपापसात बोलले.

मग आला वेलस्ली. त्याचं धोरण अगदी उलटं. १७९८ मध्ये त्याने निजामाच्या गळ्यात तैनाती फौज बांधली. १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव पळत आला तो याच महाडला, आणि पुढे समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरच्या तहात निजामाशी असलेले आपले वाद सोडवण्याचा अधिकारही त्याने इंग्रजांना देऊन टाकला.

वसईच्या तहाची कलमं मी मुलांकडून पाठ करून घेतली. महाडचा तह पुस्तकात नव्हता, म्हणून सोडला. शेजाऱ्याशी आपलं आपणच बोलायचं असतं, हे शिकवायचं मात्र राहून गेलं.