सॉलिसिटरांची पेढी

वकील म्हटला कीं झगा घालून न्यायाधीशापुढें युक्तिवाद करणारा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु मुंबई-कलकत्त्याचा व्यापार आणि तेथील घराण्यांच्या मिळकती ज्यांच्या लेखणीखालून गेल्या, ते कायदेपंडित कोर्टांत फारसे बोलतच नसत. त्यांची पेढी असे. पाटीवर दोनतीन भागीदारांचीं आडनांवें आणि शेवटीं ‘आणि कंपनी’ हे शब्द. माल मात्र तेथें कांहीं दिसत नसे. फितीनें बांधलेले कागदांचे गठ्ठे, हेंच भांडवल. हे सॉलिसिटर.

ही संस्था इंग्लंडांतून आली. तेथें सामान्य कायद्याच्या कोर्टांत काम पाही तो ॲटर्नी आणि चॅन्सरी कोर्टांत पाही तो सॉलिसिटर. १८७३ च्या कायद्यानें हा भेद मिटून सॉलिसिटर हेंच नांव उरलें. मुंबईंत १७२६ च्या सनदेनें मेयरचें कोर्ट आलें, १७९८ मध्यें रेकॉर्डरचें, पुढें १८२४ पासून सुप्रीम कोर्ट व १८६२ मध्यें हायकोर्ट. या हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर अशिलानें सॉलिसिटरकडे जावें, त्यानें हकीकत ऐकून, कागद तपासून ब्रीफ तयार करावें, आणि बोलावें मात्र बॅरिस्टरानें किंवा ॲडव्होकेटानें, अशी दुहेरी रीत होती. ती १९७६ अखेर कायद्यानेंच बंद झाली. पेढ्या मात्र राहिल्या.

राहणारच, कारण त्यांचें खरें काम कोर्टाबाहेरचें. घर घ्यावयाचें तर विकणाराचा हक्क मागील दस्तऐवजांवरून शोधून काढावा, बोजा आहे कीं काय तें पाहावें, मग खरेदीखत लिहावें. भागीदारीपत्र, गहाणखत, विश्वस्तपत्र, सारें त्याच टेबलावर. त्यांत १८५७ च्या कायद्यानें मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची सोय झाली व १८६० मध्यें ती बँकांनाही मिळाली. लागलीच अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या नव्या कंपन्या! प्रत्येकीचे नियम कोणीतरी लिहावयास हवेतच. १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्यांची फेड करण्याचा दिवस उजाडला तेव्हां मोठमोठे सावकार हात वर करून बसले. बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्यें गुंडाळावी लागली. १८६५ सालींच मुंबई सरकारनें पैजेचे करार रद्दबातल ठरविणारा कायदा केला. त्यामुळें अमुक वायदा हा खरा सौदा कीं नुसती पैज, या एका शब्दावर माणसाचें दिवाळें अवलंबून राहूं लागलें. तेजींत कंपनी उभारण्याची फी आणि मंदींत ती मोडण्याचीही फी, असा हा धंदा, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच खोटें नाहीं.

पण माझ्या मतें या पेढीची कसोटी व्यापारांत लागत नाहीं, घरांत लागते. व्यापारी दोन शब्द स्वतः समजून घेऊं शकतो. पडद्यांतल्या बाईनें काय करावें? कलकत्त्याच्या शमसुन्निसा बेगमेचे सरकारी कर्जरोखे तिच्या नवऱ्याकडे गेले. ते आपण विकत घेतले, असें तो म्हणूं लागला. १८६७ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, असा व्यवहार खरा व सरळ होता हें सिद्ध करण्याचा भार नवऱ्यावर आहे. पुढें अशा खटल्यांत एक प्रश्न नेहमीं निघूं लागला: या बाईला स्वतंत्र सल्ला मिळाला होता काय? स्वतंत्र म्हणजे दिराचा नव्हे, कारभाऱ्याचा नव्हे, आणि ज्याच्या लाभासाठीं सही हवी आहे त्याच्या सॉलिसिटरचाही नव्हे.

मृत्युपत्राची गोष्ट याहून नाजूक, कारण लिहिणारा खुलासा करण्यास हजर नसतो. प्रसन्नकुमार टागोर हे कलकत्त्याचे धनाढ्य जमीनदार, आणि स्वतः सरकारी वकिली केलेले नामांकित कायदेतज्ज्ञ. त्यांचा पुत्र ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. १८५० च्या कायद्यामुळें धर्मांतरानें वारसाहक्क बुडत नव्हता. तेव्हां बापानें मृत्युपत्रानेंच त्याला वगळलें. मिळकतीचा उपभोग आधीं पुतण्या जतींद्रमोहनानें हयातीपर्यंत घ्यावा, मग त्याच्या जन्मास यावयाच्या मुलांनीं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची इंग्रजी थाटाची सांखळी त्यांनीं गुंफली. १८६८ मध्यें ते वारले. १८७२ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला: हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें, मृत्युपत्र करणाराच्या मरणसमयीं जो अस्तित्वांतच नाहीं त्याला देणगी देतां येत नाहीं. पुतण्याचा हयातीपुरता हक्क टिकला; पुढची सांखळी तुटली. आणि जें कोणालाही नीट दिलें गेलें नाहीं तें वारसाकडे जातें, म्हणून पुतण्यामागून उरलेल्या मिळकतीचा हक्क त्या वगळलेल्या मुलाकडेच आला! बापानें त्याला कांहीं मिळूं नये असें लिहिलें होतें. पण नुसतें ‘याला नको’ म्हणून वारस दूर होत नाहीं, दुसऱ्या कोणाला तरी कायदेशीर रीतीनें द्यावें लागतें.

याच मृत्युपत्रांतील दुसरी देणगी मात्र सफळ झाली. कलकत्ता विश्वविद्यालयांत कायद्यावरील व्याख्यानमाला त्यांच्या पैशानें सुरू झाली व १८७० चीं पहिलीं व्याख्यानें हिंदु कायद्यावरच झालीं. न जन्मलेल्यांना मर्यादेंत देणगी देण्याची मोकळीक हिंदूंना मिळाली ती १९१६ च्या कायद्यानें, म्हणजे या निकालानंतर चव्वेचाळीस वर्षांनीं. मधल्या काळांत नातवासाठीं कांहीं ठेवूं इच्छिणाऱ्या आजोबाला पेढींतून पहिला प्रश्न हाच विचारावा लागे कीं, नातू झाला आहे काय.