ग्रॅहम बॉन्ड: पाया त्याचा, कळस दुसऱ्यांचा

आजची सुरुवात झाकीरभाईंपासून करूया. झाकीर हुसेन आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचं 'शक्ती' तुम्ही ऐकलं असेलच. हा मॅकलॉफ्लिन त्याआधी काय करत होता, हे शोधता शोधता मी १९६३ च्या लंडनमध्ये पोचलो. तिथं भेटला ग्रॅहम बॉन्ड.

बॉन्डचा जन्म १९३७ चा, एसेक्समधल्या रॉमफर्डचा. बर्नार्डोच्या अनाथाश्रमातून दत्तक गेलेलं पोर. आधी तो सॅक्सोफोनवाला होता. डॉन रेंडेलच्या जॅझ पंचकात त्याचं नाव झालं. १९६२ मध्ये तो अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या 'ब्लूज इनकॉर्पोरेटेड'मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडला. एकटा नाही बरं का! बास वाजवणारा जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर यांना सोबत घेऊन. गिटारवर आला आपला मॅकलॉफ्लिन. तो काही महिन्यांतच गेला आणि त्याच्या जागी डिक हेक्स्टॉल-स्मिथ सॅक्सोफोन घेऊन आला.

बॉन्ड आता हॅमंड ऑर्गनवर बसला होता. आपल्या पेटीला भाता असतो. हॅमंडमध्ये विजेवर दातेरी चकत्या फिरतात, त्यातून सूर निघतो. तो लेस्ली स्पीकरमधून सोडला की भोंगा गरगर फिरतो आणि सूर थरथरायला लागतो. जॅझचं डोकं आणि ब्लूजचा घसा, असं ते मिश्रण होतं. १९६५ च्या 'द साउंड ऑफ ६५'मध्ये ते ऐकायला मिळतं. त्याच वर्षी त्यानं रेकॉर्डवर मेलोट्रॉनही वापरला, तेव्हा हे वाद्य रॉकवाल्यांच्या हाती जेमतेम पडत होतं.

पण मोठं हिट गाणं काही मिळालं नाही. बॉन्ड हेरॉइनच्या नादी लागला, बँडचा कारभार बेकरच्या हातात गेला. बेकरनं ब्रूसला काढलं आणि गंमत बघा, १९६६ मध्ये तेच दोघं एरिक क्लॅप्टनबरोबर 'क्रीम' काढून जगभर गाजले. बॉन्ड मात्र मागेच राहिला. पुढे तो जादूटोण्यातही गुरफटला. ८ मे १९७४ ला फिन्सबरी पार्क स्टेशनात रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३६.

मला हे चटका लावून गेलं. व्यसनाचं मी समर्थन करत नाही. पण इतिहास कळस मोजतो, पाया कोण मोजणार? आज रात्री 'शक्ती' लावाल, तेव्हा त्याआधी पाच मिनिटं बॉन्डचा ऑर्गन ऐका. भेटू पुढच्या भागात!