वडिलोपार्जित मिळकतीचे विक्रीविवाद

एकत्र कुटुंबाच्या अथवा वारसांच्या समाईक मिळकतीची एका घटकाने केलेली विक्री इतर हिस्सेदारांवर कितपत बंधनकारक ठरते, यासंबंधीचे दिवाणी तंटे. जमिनीचे मोल अल्पावधीत वाढलेल्या प्रदेशांत ते विशेष आढळतात. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील भोसरी व तिचा परिसर हे त्याचे उदाहरण होय.

विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा  टीकेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत पुत्रास जन्मतःच हक्क प्राप्त होतो. त्यामुळे आपत्ती, कुटुंबाची गरज व धर्मकृत्य यांवाचून पित्यास स्थावर विकता येत नाही. मराठेशाहीत वतनांच्या वाटणीचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निर्णय महजरात नोंदला जाई. ब्रिटिश अमदानीत प्रीव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात (१८५६) व्यवस्थापकाच्या अधिकाराची मर्यादा आखली : गरज खरी आहे काय, याची प्रामाणिक चौकशी धनकोने करावी, मात्र दिलेला पैसा पुढे कसा खर्च झाला, याची जबाबदारी त्याच्यावर नाही. हेच तत्त्व पुढे खरेदीदारासही लागू झाले. मुंबई इलाख्यात सहदायादास आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन इतरांच्या संमतीविना विकता येई. तथापि अशा खरेदीदारास ठराविक तुकड्याचा ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात औद्योगिक क्षेत्र वसविले. १९७० मध्ये भोसरीचा समावेश पिंपरी-चिंचवड नगरपालिकेत झाला, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांबरोबर कामगारवस्ती वाढली आणि शेतजमिनीचे गुंठे पाडून विक्री होऊ लागली.

तंट्याचे मूळ बहुधा सातबाराच्या उताऱ्यात असते. खातेदाराच्या मृत्यूनंतर फेरफार होताना थोरल्या भावाचेच नाव ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागे. धाकटे भाऊ, अज्ञान मुले व सासरी गेलेल्या बहिणी उताऱ्यावर दिसत नसत. महसुली नोंद मुख्यतः सारावसुलीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही. तथापि उताऱ्यावर विसंबून व्यवहार होत. परिणामी एकीकडे हिस्सा डावलला गेलेला वारस आणि दुसरीकडे आयुष्याची पुंजी घालून गुंठाभर जागेवर घर बांधलेला खरेदीदार, असे दोन पीडित पक्ष न्यायालयात समोरासमोर येतात.

कन्यांच्या हक्काने या वादांना नवे वळण मिळाले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मुलीस पित्याच्या हिश्शात वारसा मिळाला, पण ती सहदायाद नव्हती. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने तत्पूर्वी विवाह न झालेल्या कन्यांना तो दर्जा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट राहिली नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीची विक्री या दुरुस्तीमुळे अवैध ठरत नाही. दुरुस्तीच्या वेळी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात (२०२०) ठरविले. त्यामुळे बहिणींच्या हक्कसोडपत्रास व्यवहारात मोठे महत्त्व आले. दबावाने वा फसवणुकीने घेतलेले हक्कसोडपत्र हा स्वतंत्र वादविषय होय.

वारशाने आलेली प्रत्येक मिळकत वडिलोपार्जित नसते. १९५६ च्या अधिनियमाच्या कलम ८ अन्वये पुत्रास पित्याकडून मिळालेली स्वतंत्र संपत्ती त्याची वैयक्तिक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन खटल्यात (१९८६) मान्य केले. तिच्या विक्रीस त्याच्या मुलांना सहदायाद म्हणून हरकत घेता येत नाही. म्हणून मिळकतीचे स्वरूप ठरविणे ही न्यायनिर्णयाची पहिली पायरी असते. कायदेशीर गरज सिद्ध करण्याचा भार सामान्यतः खरेदीदारावर असतो. पित्याने केलेली विक्री रद्द करून घेण्यासाठी पुत्रास, खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून १२ वर्षांची मुदत आहे. शक्य असेल तेथे न्यायालय विकलेला भाग विक्रेत्याच्या वाट्यास टाकते. त्यामुळे इतर हिस्सेदारांचा हक्क अबाधित राहून खरेदीदाराचेही नुकसान टळते.