टीबीच्या गोळ्या, लिव्हर आणि कलौंजी

टीबीवरच्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या औषधांनी काही रुग्णांच्या लिव्हरला (यकृताला) सूज येते. कलौंजीतले थायमोक्विनोन, मिल्क थिसलमधले सिलिमरिन आणि कुटकीचा अर्क यांनी औषधांमुळे होणारी यकृताची इजा कमी झाल्याचे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसांबाबत मात्र पुरावा अजून अपुरा आहे. शिवाय घरातली चमचाभर कलौंजी म्हणजे प्रयोगशाळेत मोजून दिलेला अर्क नव्हे. वनस्पती म्हणजे निर्धोक, असेही नाही: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढे करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात घेत असलेले चूर्ण, काढा, तेलही सांगा. गोळ्या थांबवायच्या की बदलायच्या, ते डॉक्टरच ठरवतील.