एका शब्दात दडलेले अनेक आजार

गुडघा आखडला की मराठी माणूस म्हणतो, ‘संधिवात’. हा एकच शब्द अनेक विकारांना झाकतो. चरकसंहितेने हवा भरलेल्या पिशवीसारखी सूज आणि सांधा हलवताना होणारी वेदना नोंदवली. पुढे माधवनिदानाने ‘आमवात’ स्वतंत्र मांडला. १९५२ मध्ये केलग्रेन आणि मूर यांनी सांध्यांच्या झिजेतही पोटभेद दाखवला: बोटांवर गाठी येऊन अनेक सांधे ग्रासणारा. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवणात डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघरी पाहणी केली. झिजेचा विकार आमवातापेक्षा कितीतरी अधिक आढळला. ‘वयच झालं’ म्हणून सोसलेली वेदना गणनेत आली. निदान वेगळे झाल्याविना मोजदाद नाही, आणि मोजदादीविना योग्य उपचाराची वाट सापडत नाही.